रापणीस वेळ मोकळी

सदा,

निकाल लागल्यानंतरच्या रविवारी तू माझ्या घरी आलास, चप्पल न काढता उंबऱ्यातच उभा राहिलास आणि विचारलंस, "पंत, मूळ कागदात आपलं काही सुटलं तर नाही ना?"

मी म्हणालो, "नाही."

ते खोटं होतं. काय सुटलं होतं, कुठल्या ओळीत आणि कुणाच्या हातून, हे सगळं मला तेव्हा ठाऊक होतं. तू जाऊन अजून महिना व्हायचा आहे, आणि हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगतो आहे. माझ्या बायकोलाही माहीत नाही. कमल आत भाजी निवडते आहे. तिला वाटतंय, मी तुझ्यावर लेख लिहितोय.

तसा हा लेखच आहे. इथल्या मंडळाच्या अंकासाठी चिटणिसांनी दोन पानं मागितली. म्हणाले, "जन्म, शिक्षण, वकिली, स्वभाव, असं थोडक्यात येऊ द्या, विनायकराव. आणि एखादा विनोदी प्रसंग घाला. फार हसवायचे ते." जन्म आणि शिक्षण त्यांनी दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यावं. विनोदी प्रसंग मात्र माझ्याकडे आहे. सगळं त्या विनोदापासूनच सुरू झालं.

धारवाडचं होस्टेल आठवतं? तू नुकताच कारवारकडून आला होतास. खारव्यांच्या, म्हणजे मासेमारांच्या, वस्तीतून कॉलेजात पोचलेला पहिला मुलगा. पुसलेल्या पाटीसारखा गप्प बसायचास. कुणीतरी विचारलं, घर कुठे रे तुझं? तू म्हणालास, "आमचें घर वेळेर."

मी बेळगावचा. आमच्या घरात मोडीची दप्तरं, वडील कुलकर्णी, आणि शुद्ध मराठी म्हणजे आमच्या ओसरीवर बोलतात ती, अशी माझी पक्की समजूत. मी लगेच म्हणालो, "घर वेळेवर? मग आमची काय उशिरा आहेत?"

सगळे हसले. तूही हसलास. दुसऱ्या दिवशी तू वर्गात उशिरा आलास आणि नाव कायमचं चिकटलं: वेळेवर. "वेळेवर आला का रे?" "वेळेवरला जेवायला बोलवा." पुढे त्या नावाचं मूळ सगळेच विसरले. उरला तो तुझा उशीर, आणि तो खरोखरच तेवढा होता. माझ्या लग्नात अक्षता पडून गेल्यावर तू मांडवात शिरलास आणि वर मलाच विचारलंस, "सुरू कधी होणार?"

पण त्या दिवसानंतर तो शब्द तू माझ्यासमोर कधी उच्चारला नाहीस. 'किनारा' म्हणायला लागलास. 'समुद्रकिनारा', शाळेच्या पुस्तकात असतो तसा. तुझं मराठी सुधारलं, असं मला वाटायचं. आणि ते सुधारण्यात आपलाही थोडा हात आहे, असंही. बदल्यात तू मला 'पंत' केलंस. त्यात टोमणा किती आणि माया किती, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या, कारवार मुंबईकडून म्हैसूर राज्यात आलं, आणि तुझ्या गावाचा खटला एका पत्र्याच्या ट्रंकेत बसून तुझ्याबरोबर बंगळूरला आला. मी इथं चामराजपेटेत आधीच स्थिरावलो होतो. बेळगाव-कारवारकडचे मराठी कागद इथल्या कोर्टात येऊन पडायला लागले आणि ते वाचणारं माणूस मिळेना, तेव्हा माझे दिवस आले. मोडी वाचायची, इंग्रजी करायचं, खाली शपथेवर सही करायची. मराठी कागद म्हटला की विनायकराव, असं वकिलांमध्ये झालं. मला ते आवडायचं. कबूल करतो, फार आवडायचं.

तुला मागच्या गल्लीत खोली मीच बघून दिली. मालकीण अक्कांनी एकच अट घातली, घरात मासळी शिजता कामा नये. तू मान डोलावून कानडीत "सरी, अक्का" म्हणालास, आणि दर रविवारी गल्लीभर सुक्या बांगड्याचा वास सुटायला लागला. अक्का माझ्यासमोर तुला विचारायला आल्या, हा कसला वास? तू म्हणालास, "औषध आहे, अक्का."

"दर रविवारी लागतं?"

"आजार जुना आहे."

त्या पदरानं नाक झाकून गेल्या, पण जाताना हसत होत्या. तुला कुणी घराबाहेर काढू शकत नसे, ते असं.

आता खटल्याचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहावंच लागेल. तू मध्ये बोलू नकोस. तुझ्या गावची मासेमारी रापणीची. होडीनं जाऊन समुद्रात जाळ्याचं भलंमोठं अर्धवर्तुळ टाकायचं, दोन्ही दोर काठाला आणायचे, आणि मग सगळ्या गावानं, बायाबापड्यांसकट, वाळूत पाय रोवून ते ओढायचे. म्हणजे रापणीला जितका समुद्र लागतो तितकीच वाळू लागते. उभं राहायला जागा नसेल तर जाळं समुद्रातच राहील. आणि तीच वाळू लिलावात एका ठेकेदाराकडे गेली होती. त्यानं खांब रोवले, मासळी सुकवायच्या शेडी उभ्या केल्या, आणि गावाला सांगितलं, दोर ओढायचे तर माझ्या परवानगीनं ओढा आणि मासळीतला वाटा द्या.

गावाकडे एकच आधार होता. किनाऱ्याचा तो तुकडा एका लहानशा संस्थानिकानं कंपनी सरकारच्या हवाली केला, तेव्हाच्या तहात खारव्यांच्या हक्काचं एक कलम होतं. इंग्रजी प्रत कुठे सापडली नाही. दप्तरखान्यातून मोडीतली मराठी नक्कल मिळाली. ती वाचायला तुला येत नव्हती. मला येत होती.

त्या तहावरून आपण किती भांडलो. मी म्हणायचो, "राजानं गोऱ्यांना गाव दिलं. खारव्यांना कुणी विचारलं का? ज्या तहात तुमची सही नाही तो तुमच्या कामाचा कसा?"

तू म्हणायचास, "चोरांनी वाटणी करताना लिहून ठेवलं, की ही भांडी आमची नव्हेत, घरवाल्यांची. मग चोरांचं लिहिणं म्हणून ते मी फाडून टाकू?"

"पण ते चोरच आता राहिले नाहीत."

"भांडी आहेत ना अजून?"

मग मी दुसऱ्या भांडणावर उडी मारायचो, ते कोकणीचं. कोकणी ही वेगळी भाषा नव्हे, मराठीचीच बोली, हे मी इतक्या वेळा सिद्ध केलं की कमल आतून ओरडायची, "चहा हवा की बोली?" तू ऐकून घ्यायचास. एकदा मात्र म्हणालास, "बरं पंत, आमची भाषा तुमचीच. मग कधीतरी आमच्या शब्दाचा अर्थ आम्हाला विचारायला या. आपल्याच घरातला शब्द, लाज कसली?"

ते भांडण अर्धवट राहिलं. तुझं शेवटचं वाक्य वर राहिलं, आणि आता ते खाली आणायला कुणी नाही.

त्या कलमातली ओळ अशी आहे: "खारवी लोकांस रापणीस वेळ मोकळी असावी, कोणी मुजाहीम होऊ नये." मुजाहीम म्हणजे अडवणूक करणारा, ते मला चटकन लागलं. 'वेळ' तर काय, पोरालाही कळतं. मी लिहिलं, खारव्यांना रापण ओढायला वेळेचं बंधन नसावं. इंग्रजीत 'फ्री अ‍ॅज टु टाइम'. ठसकेबाज वाटलं.

एक गोष्ट खटकली होती. आपण 'मोकळा वेळ' म्हणतो. 'मोकळी वेळ' कुणी म्हणत नाही. वेळ आली, वेळ गेली, असं स्त्रीलिंगी चालतं, पण मोकळी? मी लेखणी खाली ठेवली होती. मग मनाशी म्हटलं, लिहिणारा कारकून तिकडचाच असणार, त्यांचं व्याकरण असंच असतं. आणि लेखणी उचलली. तिकडचाच असणार, एवढं मला कळलं होतं बघ. तिकडच्या माणसाला विचारावं, एवढंच सुचलं नाही.

तू टाइप केलेला कागद वाचलास आणि कपाळाला आठ्या घातल्यास. "रापणीला वेळेची मुभा कशाला लागेल? मासा दिसला की ओढायची. त्याला काय घड्याळ असतं? पंत, एकदा मुळातली ओळ मोठ्यानं वाच बघू."

मोठ्यानं वाचली असती तर तिथंच सगळं मिटलं असतं. तुझ्या कानावर 'वेळ मोकळी' पडलं असतं आणि तू टेबलावर हात आपटून हसत सुटला असतास. पण मला राग आला. माझ्या कामावर कुणी बोट ठेवलेलं मला खपत नसे. मी म्हणालो, "शब्दाला शब्द लावलाय. विश्वास नसेल तर दुसरा माणूस बघ."

तू दोन्ही हात वर केलेस. "सरी, सरी. पंतांवर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर?"

कोर्टात ठेकेदाराच्या वकिलानं मला पिंजऱ्यात उभं केलं. या भाषांतरातल्या प्रत्येक शब्दाची जबाबदारी तुम्ही घेता? मी म्हणालो, प्रत्येक शब्दाची. तो समाधानानं खाली बसला. त्याला का समाधान वाटलं, हे तेव्हा मला कळलं नाही. तू मात्र माझ्याकडे अभिमानानं बघत होतास.

इथपर्यंतची चूक मी अज्ञानात घालतो. इथून पुढची कशातच घालता येत नाही.

तुझी आई डोळे दाखवायला बंगळूरला आली होती. वादाची तारीख आठवड्यावर होती. दुपारी आपण तिला लालबागेत नेलं. तळ्याकाठी बाकावर मी आणि ती बसलो, तू शेंगा आणायला गेलास. ती पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, "इतलें उदक, पूण वेळ ना."

मला वाटलं, तिला परतायची घाई झाली. मी म्हणालो, "वेळ आहे, आई. सावकाश बघा."

ती माझ्याकडे बघून हसायला लागली. तिचे पुढचे दोन दात नव्हते, तोंडावर पदर धरून हसली. "वेळ ना म्हणटां. रेंव ना. रापण खंय ओडतले?" हातानं तळ्याची कडा दाखवली. वाळू नाही, काठ नाही, माणसं रापण ओढणार कुठे? इतकं पाणी, आणि किनारा नाही.

मला ती ओळ आठवली. मोकळी वेळ. मोकळा किनारा. रापणीस किनारा मोकळा असावा, कोणी अडवू नये. तहात घड्याळाची गोष्टच नव्हती. जागेची होती. गाव जे मागत होतं तेच, तितक्याच शब्दांत, दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं होतं, आणि मी ते पुसून त्या जागी घड्याळ काढलं होतं.

तू शेंगांच्या पुड्या घेऊन आलास. आईनं तुला माझी फजिती सांगितली. तू इतका हसलास की पुडीतल्या अर्ध्या शेंगा सांडल्या. "विसरलास, पंत? त्यावरूनच तर माझं नाव पडलं. तूच पाडलंस."

मीही हसलो. तू माझ्या ओंजळीत शेंगा ओतल्यास आणि मी त्या सोलायला लागलो.

सदा, मला हे फार स्पष्ट लिहायचं आहे. मला तो शब्द माहीत नव्हता, असं नाही. मी तो ऐकला होता, तुझ्याच तोंडून, आणि त्याला हसलो होतो. चूक कबूल करायची तर हसणंही कबूल करावं लागणार होतं. कोर्टात शपथेवर प्रत्येक शब्दाची जबाबदारी घेतलेला विनायकराव खोटा ठरणार, मग पुढे कोण त्याच्याकडे कागद घेऊन येणार, हे तर होतंच. पण त्याहून खाली, अगदी तळाशी, ते हसणं होतं.

तरी दोन दिवसांनी मी तुझ्या खोलीवर आलो. सांगायलाच आलो होतो. तू येरझाऱ्या घालत वादाची तालीम करत होतास. आई पाटावर बसून लेकाचं इंग्रजी भाषण ऐकत होती, कीर्तन ऐकावं तशी, मधून मधून मान डोलावत. तू म्हणालास, "स्वल्प थांब पंत, हे ऐक. तहात म्हटलंय, वेळेचं बंधन नाही. आता मला सांग, ज्याला वेळ दिला त्याला जागा दिली नाही, असं होईल का? जागेशिवाय माणूस वेळेत उभा कुठे राहील?"

माझ्या चुकीच्या वाक्याच्या भोवती तू एवढी मेहनत घेऊन भिंत बांधत होतास. बरोबर वाक्य तुझ्यासमोर ठेवलं असतं तर भिंतीची गरजच नव्हती. मी काय म्हणालो, आठवतं?

मी म्हणालो, "छान आहे."

आईनं मला चहा दिला. मी प्यालो आणि घरी आलो.

न्यायाधीशांना तुझा मुद्दा पटला नाही. तहात वेळेबद्दल लिहिलं आहे, जागेबद्दल नाही. जे लिहिलेलं नाही ते कोर्ट कसं वाचणार, असा निकाल आला. ठेका कायम राहिला. आणि त्या रविवारी तू माझ्या उंबऱ्यात येऊन उभा राहिलास. वरच्या कोर्टात जायचं तर हातात नवं काहीतरी हवं होतं. चेहरा उतरलेला होता, पण आवाजात अजून थोडी आशा होती. मी ती एका शब्दात संपवली.

लग्नाचं कुणी विचारलं की तू म्हणायचास, खटला संपू दे. खटला संपला. मग तुला कुणी विचारलं नाही.

निकाल गावाला वाचून दाखवायला तू कारवारला गेलास. तुझा मामा रापणीचा म्होरक्या. त्याच्या अंगणात सगळे जमले होते, एवढंच तू नंतर सांगितलंस. मी मात्र ते अंगण पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणलं आहे. तुला तो इंग्रजी निकाल त्यांना कोकणीत सांगायचा होता. कोर्ट म्हणतं, तहात खारव्यांना वेळ मोकळी. असंच काहीतरी तुझ्या तोंडून आलं असणार, कारण दुसरा शब्दच नाही. आणि ते ऐकून कुणीतरी म्हणालं असेल, मग झालं तर, वेळ आमचीच की. तिथं तू थांबला असशील का? मुळात काय लिहिलं असेल, हे त्या क्षणी तुला दिसलं का?

मला माहीत नाही. तू परत आलास आणि त्या कागदाबद्दल पुन्हा कधी विचारलं नाहीस. मामानं ठेकेदाराशी समझोता करून टाकला, गाव दमलं, एवढं म्हणालास. ते खरंही असेल. पण त्यानंतर तू मला 'पंत' म्हणणं सोडलंस. 'विनायकराव' म्हणायचास. कमलच्याही ते लक्षात आलं. "भांडलात का रे दोघं?" तिनं तुला विचारलं. तू म्हणालास, "भांडायला मुद्दा लागतो, वहिनी." आणि तिच्याकडून दुसरी पोळी मागून घेतलीस.

तुला कळलं होतं आणि मला वाचवण्यासाठी तू गप्प राहिलास, असं असेल तर ते मला सहन होत नाही. तुझ्या गावाची वाळू माझ्या अब्रूपेक्षा स्वस्त धरायला तुला कुणी सांगितलं होतं? आणि तुला कळलंच नव्हतं, आपण वाद नीट केला नाही म्हणून गाव हरलं असं मानत तू एवढी वर्षं जगलास, असं असेल, तर तेही सहन होत नाही. यातलं एक तरी खरं आहे. तिसरं काही मला सापडत नाही.

गेल्या महिन्यात, इस्पितळात, तू पुन्हा मला 'पंत' म्हणालास.

भेटीची वेळ चार ते सहा. मी आलो तेव्हा आई तुझ्या पायाशी बसून डुलक्या घेत होती. तू डोळे मिटून होतास, श्वास वर लागलेला. मी स्टुलावर बसलो. मला वाटलं, तू झोपला आहेस, आणि झोपलेल्या माणसाला सांगण्याइतकंच धैर्य माझ्यात होतं. तुझ्या कानाशी वाकून मी ती ओळ म्हटली. पाठच आहे मला. "खारवी लोकांस रापणीस वेळ मोकळी असावी, कोणी मुजाहीम होऊ नये." तुझ्यासमोर मी ती पहिल्यांदाच तोंडानं म्हटली.

तुझे ओठ हलले. डोळे उघडले नाहीस. म्हणालास, "पंत, आता वेळ कुठली."

एवढंच. मी वाट बघितली. नर्स आली, सहा वाजले म्हणाली. सकाळी मी दूध घेऊन पोचलो तेव्हा पलंगावरची चादर काढलेली होती.

आता वेळ कुठली. आता किनारा कुठला राहिलाय. ते वाक्य दोन्ही तऱ्हांनी धड आहे. तू त्यात शब्द कुठला घेतलास, हे आयुष्यभर भाषांतरं केलेल्या माणसाला ठरवता येत नाही. फक्त 'पंत' तेवढं स्पष्ट ऐकू आलं. त्याला क्षमा म्हणायचा मोह होतो. पण क्षमा मागितल्याशिवाय मिळत नसते, आणि मी तर मागितलीही नव्हती. नुसती ओळ म्हटली होती.

तुझे दिवस झाल्यावर आईला मी स्टेशनवर पोचवायला गेलो. मामा न्यायला आला होता, तो पुढे जाऊन जागा धरत होता. आईनं माझा हात धरला. म्हणाली, "एक फावट यो. घर वेळेर..." आणि थांबली. लालबाग आठवली असणार तिला. मला समजावं म्हणून तिनं तो शब्द बदलला. "घर किनाऱ्याक आसा," ती म्हणाली, हळू, एकेक अक्षर सुटं करून.

तू पोरवयात माझ्यासाठी जे केलंस तेच तिनं या वयात केलं. तुमच्या घरातल्या दोन माणसांनी माझ्यासाठी आपला शब्द गिळला.

मी म्हणालो, "येईन."

गाडी सुटल्यावर मी फलाटावर बसून राहिलो. तू गेलास तेव्हा मला रडू आलं नव्हतं. तिथं आलं. शेंगदाणे विकणारा थांबून बघत होता. रडताना तुझ्या रविवारच्या औषधाचा वास आठवत होता, मांडवातलं "सुरू कधी होणार" आठवत होतं, आणि हसूही येत होतं. तू माझ्याबरोबर एवढी वर्षं राहिलास, सदा. माझ्यासारख्या कोरड्या माणसाच्या घरी रविवार रविवार येऊन कमलला हसवलंस, माझ्याशी भांडलास, कधीकधी मुद्दाम हरलास. हे सगळं मला फुकट मिळालं, आणि त्या बदल्यात मी तुला काय दिलं, ते वर लिहिलंच आहे.

चिटणिसांना हा लेख चालेल का, ठाऊक नाही. चालला तर कमल तो छापलेला वाचेल. त्याआधी मी तिला स्वतः सांगणार आहे, आजच, ती भाजी टाकायच्या आत. ओळखीतले वकीलही वाचतील, आणि पुढे माझ्याकडे कागद येतील की नाही ते बघू. खटला आता पुन्हा उघडता येतो की मुदत टळली, हे मी अजून कुणालाही विचारलेलं नाही. ज्याला विचारलं असतं तो तूच होतास.

जे राहिलं आहे ते असं. कोर्टासमोर शपथेवर लिहून देणं, की माझं भाषांतर चुकीचं होतं, ते चुकीचं आहे हे मला निकालाच्या आधी कळलं होतं, आणि त्या ओळीतली वेळ म्हणजे किनारा. आणि कोर्ट ते घेवो न घेवो, तीच ओळ तुझ्या आईला, तिच्या वेळेर उभं राहून, मोठ्यानं वाचून दाखवणं, तिचाच शब्द ठेवून. या दोन गोष्टी मी देणं लागतो. दोन्ही अजून दिलेल्या नाहीत.